वाचकांचे प्रश्न : कुमारांसाठी कादंबरी, स्वतंत्रपणे

गेल्या अंकात कुमार कादंबरी स्वतः लिहून स्वतःच प्रकाशित करण्याविषयी मी एक टिपण लिहिले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : बालसाहित्य आणि कुमार साहित्य यांत नेमका फरक काय मानावा? तेरा-चौदा वर्षांची मुले मोठ्यांची पुस्तकेही वाचतात. मग त्यांच्यासाठी वेगळी कादंबरी हवीच कशाला?
— एक शिक्षिका, सिन्नर

आपल्याकडे या दोन गटांत रेघ ओढण्याची सवयच नाही. साहित्य अकादमी २०१० पासून जो बाल साहित्य पुरस्कार देते, त्यात ९ ते १६ वर्षे वयाच्या वाचकांसाठीची पुस्तके एकाच गटात येतात. नऊ वर्षांचा मुलगा चौथीत असतो आणि सोळा वर्षांची मुलगी अकरावीला शाखा निवडून, घरच्यांशी त्यावरून वाद घालून बसलेली असते. या दोघांची पुस्तके एका कपाटात ठेवली, की मोठी मुलगी त्या कपाटाकडे फिरकत नाही. ग्रंथालयातील बालविभागात जायला आठवी-नववीतल्या मुलांना कमीपणा वाटतो आणि मुख्य विभागातील कादंबऱ्या बहुतेक वेळा चाळिशीतल्या माणसांच्या दुःखांविषयी असतात. वाचणारी मुले नेमकी या मधल्या जागेत हरवतात, हे आपण वर्गात रोज पाहत असाल.

माझ्या मते फरक विषयाचा नसून निर्णय कोणाच्या हातात आहे याचा आहे. बालकथेत घडी विस्कटली तरी शेवटी ती कोणीतरी मोठे माणूस नीट बसवते, आणि त्या वयात तसा दिलासा आवश्यकही असतो. कुमार कादंबरीच्या नायकाला मात्र मोठी माणसेही चुकतात, घाबरतात आणि खोटे बोलतात हे प्रथमच कळलेले असते, आणि तरीही त्याला असा एखादा निर्णय घ्यावा लागतो की ज्याचा परिणाम पुसता येत नाही. समजा, निफाडकडच्या एका द्राक्षबागेवर ऐन काढणीच्या तोंडावर गारपीट झाली. हा विषय मोठ्यांच्या कादंबरीत बापाचा, त्याच्या कर्जाचा आणि बाजाराचा होईल. कुमार कादंबरीत तो दहावीतल्या त्या मुलाचा होईल, ज्याला आपल्या क्लासची फी कोठून आली हे चुकून कळले आहे आणि ते आपल्याला कळले आहे हे घरात सांगावे की नाही, हे ठरवता येत नाही. गारपीट तीच असते, पण ती कोणाच्या डोळ्यांनी पाहिली यावर कादंबरी ठरते.

यापुढच्या सर्व उत्तरांना आधार असलेली एक गोष्ट येथेच सांगते. कुमारांचे पुस्तक विकत घेतो मोठा माणूस आणि वाचतो कुमार. प्रकाशकाला, त्याच्या व्यवसायाच्या गरजेपोटी, आधी घेणाऱ्याचे समाधान करावे लागते. त्यामुळे मुखपृष्ठावर ‘संस्कारक्षम’ असा शिक्का येतो आणि कथेच्या शेवटी उपदेशाचे पान येते. स्वतंत्र लेखकाला हा क्रम उलटा करता येतो, म्हणजे आधी वाचणाऱ्याचा विचार आणि मग घेणाऱ्याचा. तसे करायचे नसेल, तर स्वतंत्र राहण्याचे इतके कष्ट कशासाठी घ्यायचे, हे मला कळत नाही.

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. रोज ठरावीक वेळी लिहावे असे सगळे सांगतात. मला ते जमत नाही. कादंबरी कशी पूर्ण करावी?
— एक तंत्रज्ञ, नाशिक

ज्याचा दिवसच दर आठवड्याला बदलतो त्याने घड्याळाशी बांधून घेऊ नये. आपण लेखन पाळीशी बांधावे. रात्रपाळीच्या आठवड्यात नवे लिहिण्याचा हट्ट सोडून लिहिलेले वाचावे, खुणा कराव्यात. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी मिळते, ती नव्या प्रकरणासाठी राखावी. थांबताना प्रसंग संपवून थांबू नये. पुढचे वाक्य काय आहे हे ठाऊक असतानाच वही मिटावी, म्हणजे चार दिवसांच्या खंडानंतरही हात लगेच चालू लागतो.

वेगाची चिंता करू नका. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, ९ ते १३ तारखेपर्यंत, पाच दिवसांत लिहून काढली, हे आपल्या गावात अभिमानाने सांगितले जाते आणि मलाही त्याचा अभिमान आहे. परंतु त्या पाच दिवसांच्या मागे त्यांचे सगळे बालपण होते आणि अमळनेरच्या शाळेत व छात्रालयात मुलांच्या सहवासात घालवलेली वर्षेही होती. लिहिण्याचा काळ आणि पुस्तक मनात तयार होण्याचा काळ हे वेगवेगळे मोजावेत.

एक व्यावहारिक सूचना मात्र आग्रहाने करते. खंड पडत पडत लिहिणाऱ्याने कादंबरीची एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि तिच्यात सर्वांत आधी शाळेचे वर्ष मांडावे. जूनमध्ये उघडणारी शाळा, घटक चाचणी, सहामाही, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, दहावी असेल तर पूर्वपरीक्षा आणि मग बोर्डाची परीक्षा, हा कुमार कादंबरीचा सांगाडा असतो. नायकाची सहामाही दिवाळीनंतर दाखवली किंवा बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत त्याला संमेलनाच्या तालमीला पाठवले, तर मोठ्या वाचकाच्या ते लक्षातही येत नाही. मुले मात्र तेथेच पुस्तक मिटतात, कारण ज्याला आपले वर्ष ठाऊक नाही त्याला आपले मन ठाऊक असेल, यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे आणि माझी कादंबरी जवळजवळ पूर्ण झाली आहे. आई म्हणते दहावीनंतर बघू. मला आत्ताच छापायची आहे. माझी कथा कोणी चोरली तर?
— एक विद्यार्थिनी, इंदिरानगर

चोरीची भीती आधी दूर करते. तू जे लिहिले आहेस त्याचा स्वामित्वहक्क लिहिल्या क्षणापासून तुझाच आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी हा वाद झाला तर उपयोगी पडणारा पुरावा आहे. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तू स्वतः केलेला करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, त्यामुळे कोणी तुझ्याकडून परस्पर सही मागितली तर कागद आई-वडिलांच्या हाती द्यावा.

आता आईच्या म्हणण्याविषयी. परीक्षेच्या भीतीने लेखन थांबवू नकोस, पण छपाईची घाई करू नकोस, कारण छापलेले पान मागे घेता येत नाही. कादंबरी पूर्ण कर, तीन-चार महिने बाजूला ठेव आणि परीक्षा संपल्यावर ती एखाद्या अनोळखी मुलीने लिहिली आहे असे समजून वाच. कुमारांसाठी लिहिणाऱ्या आम्हा मोठ्यांना जे आठवून लिहावे लागते ते तुझ्यासमोर आत्ता घडते आहे, म्हणून रोजची निरीक्षणे मात्र दहावीच्या वर्षातही लिहीत राहा. तुझ्या आईला हे उत्तर दाखवलेस तर मला आनंद होईल.

प्रश्न : कादंबरी स्वतः छापायची तर खर्च किती, प्रती किती आणि परत काय मिळते? पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या प्रकाशकांवर विश्वास ठेवावा का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, पंचवटी. याच आशयाची आणखी काही पत्रे

हिशेब फर्म्यापासून सुरू होतो. फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने; एक फर्मा सोळा पानांचा. कुमार कादंबरी माझ्या मते तीस ते पंचेचाळीस हजार शब्दांची असावी. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात, डोळ्यांना सोसेल अशा टंकात, चाळीस हजार शब्दांची सुमारे १६० पाने, म्हणजे दहा फर्मे होतात. पाने सोळाच्या पटीत बसवली नाहीत तर शेवटी कोरी पाने राहतात किंवा अर्ध्या फर्म्याचा वेगळा खर्च येतो, म्हणून मांडणी करतानाच मुद्रकाशी बोलावे. ऑफसेट छपाईत, म्हणजे पानांच्या प्लेट करून यंत्रावर होणाऱ्या छपाईत, प्लेटचा आणि यंत्र लावण्याचा खर्च प्रती कमी असोत वा जास्त, तेवढाच येतो. त्यामुळे साधारण पाचशे प्रतींच्या पुढे ती परवडू लागते. त्याहून कमी प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई घ्यावी. एका प्रतीला ती महाग पडते, पण घरात गठ्ठे साचत नाहीत. हजार प्रती घेतल्यास दर उतरतो हे खरे असले, तरी पहिल्या पुस्तकासाठी त्या मोहात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी असे धरू, की पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे आणि एका प्रतीचा छपाई-बांधणीचा खर्च ८० रुपये आला. वितरक आणि विक्रेता मिळून चाळीस ते पन्नास टक्के सवलत घेतात. ४५ टक्के धरली तर आपल्या हाती ११० रुपये येतात आणि छपाई वजा जाता ३० रुपये उरतात. पाचशे प्रती संपल्या तर १५,००० रुपये. यातूनच संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आतील चित्रे आणि भेट द्याव्या लागणाऱ्या प्रती यांचा खर्च भागवायचा असतो. तीच प्रत आपण स्वतः वाचकाला किंवा शाळेला दहा टक्के सवलतीने दिली तर हाती १०० रुपये उरतात. स्वतंत्र लेखकाचे गणित या फरकावर उभे राहते, आणि म्हणून वितरकामार्फत किती प्रती द्यायच्या व स्वतः किती विकायच्या हे छपाईच्या आधीच ठरवावे लागते. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, पण छपाईच्या बिलावर तो लागतो आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो वळता करून घेता येत नाही; हिशेबात तोही धरावा.

पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे सगळेच फसवतात असे मी म्हणणार नाही. मांडणी, छपाई आणि पोहोच यांचा प्रामाणिक मोबदला घेणाऱ्या संस्था आहेत. प्रश्न कराराचा असतो. माझ्या परिचयातील एका लेखिकेकडून संपूर्ण खर्चही घेतला गेला आणि पुस्तकाचे सर्व हक्कही लिहून घेतले गेले. जो पैसे घालतो त्याच्याकडेच हक्क राहिले पाहिजेत. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे नमूद करावे लागते. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, सर्व भाषांत आणि माध्यमांत’ अशी ओळ दिसली, की सही न करता उठावे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, यासाठी वेगळी रक्कम मागितली जात असेल तर लक्षात ठेवावे, की केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो लेखक-प्रकाशकालाही विनामूल्य देते. तसेच १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवणे हे प्रकाशकाचे कर्तव्य आहे, आणि येथे प्रकाशक आपणच असता.

पुस्तक पहिलेच असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी अवश्य करावी. तिच्यात कादंबरीबरोबर बालवाङ्मयाचाही विचार होतो.

प्रश्न : प्रकाशक नाही म्हणजे संपादकही नाही. मग हस्तलिखित तपासायचे कोणी? मैत्रिणींना दिले तर त्या ‘छान आहे’ एवढेच म्हणतात.
— एक वाचक, कॉलेज रोड

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण स्वतंत्र प्रकाशित पुस्तकांकडे ग्रंथपाल आणि समीक्षक ज्या साशंकतेने पाहतात तिचे मूळ येथे आहे. प्रकाशक नसला तरी संपादक हवाच, आणि मुखपृष्ठाच्या आधी त्याचे पैसे बाजूला काढावेत. संपादन आणि मुद्रितशोधन ही दोन वेगळी कामे आहेत, ती एकाच वाचनात एकाच व्यक्तीकडून होत नाहीत. संपादक सांगतो, की नायिकेच्या भावाचा राग सहाव्या प्रकरणात अचानक येतो, त्याची तयारी तिसऱ्यात हवी. मुद्रितशोधक शब्द आणि विरामचिन्हे पाहतो, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम लावतो आणि ‘संवादातली बोली तशीच ठेवावी’ अशी आपली सूचना असेल तर तीही पाळतो.

मुद्रितशोधन मांडणी झाल्यानंतरच्या पानांवर व्हावे, हे विशेष सांगायला हवे. आपण युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आणि संगणकावर सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकलेखन करतो, तर अनेक मुद्रणालयांत अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालीतील टंकांवर मांडणी होते. मजकूर एकातून दुसऱ्यात जाताना ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, जोडाक्षरे सुटतात. मूळ फाइल कितीही काळजीपूर्वक तपासली असली तरी हे दोष नंतर शिरलेले असतात, त्यामुळे छापायला जाणारी पाने कागदावर काढून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचण्याला पर्याय नाही.

आता खऱ्या परीक्षकांविषयी, म्हणजे तेरा ते सोळा वर्षांच्या वाचकांविषयी. मी माझ्या प्रत्येक कादंबरीचा खर्डा छपाईपूर्वी अशा काही मुलामुलींना वाचायला देते, आणि आपणही द्यावा. पालकांना आधी विचारावे, त्यांना विषयाची कल्पना द्यावी. नात्यातली मुले टाळावीत, कारण ती मावशीला किंवा काकूला दुखवत नाहीत. पुस्तकवेडी मुलेच निवडू नयेत. वर्षाला एखादेच पुस्तक वाचणारा मुलगा अधिक शिकवतो. सुट्या पानांचा गठ्ठा द्यावा आणि ‘आवडली का’ असे कधीही विचारू नये. कोणत्या पानावर थांबलास, कोठे पाने उलटून पुढे गेलास, कोणते पात्र बोलू लागले की कंटाळा आला, आणि कोणत्या ठिकाणी ‘असे कोणी करत नाही’ असे वाटले, एवढेच विचारावे. मुले या प्रश्नांची उत्तरे विलक्षण नेमकेपणाने देतात. तीन मुलांनी एकाच पानावर पुस्तक ठेवले असेल तर त्या पानावर दोष आहे, मग ते आपले कितीही लाडके असो. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घेण्याचे बंधन नाही. कोठे दुखते हे रोग्याने सांगावे आणि औषध वैद्याने ठरवावे, हाच येथे न्याय आहे.

ही मुले आपल्याला वेळ देतात. त्यांची नावे, घरच्यांची संमती असल्यास, ऋणनिर्देशात छापावीत आणि पहिल्या प्रती त्यांच्या हाती द्याव्यात.

प्रश्न : पात्रांनी आजच्या मुलांसारखे बोलावे की प्रमाण मराठीत? आमच्याकडची मुले घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि मोबाइलवर तिसरेच काही बोलतात.
— एक प्राध्यापक, सटाणा

तिन्ही बोलू द्यावे. बागलाण, कळवण, मालेगाव या पट्ट्यातील मुलगा आजीशी प्रमाण मराठीत बोलला तर ते घरच खोटे वाटते. ‘काय करी राहिना?’ हा प्रश्न तिथे तसाच यायला हवा आणि अर्थ प्रसंगातून कळायला हवा. तळटिपा देऊ नयेत. निवेदन मात्र अशा मराठीत असावे, की जे चंदगडच्या आणि चंद्रपूरच्या मुलालाही अडणार नाही. क्लास, सबमिशन, रील हे शब्द मुलांच्या मराठीचाच भाग झाले आहेत, त्यांना अवतरणचिन्हांत कोंडू नये. याउलट दर वर्षी बदलणारी मुलांची खास परवलीची भाषा जपून वापरावी, कारण आपण लिहून छापेपर्यंत ती शिळी होते आणि मोठ्या माणसाने ओढूनताणून आणलेला शब्द मुलांना लगेच ओळखू येतो.

प्रश्न : प्रेम, घरातली दारू, परीक्षेतील अपयश, आत्महत्येचे विचार असे विषय कुमारांच्या पुस्तकात आणणे योग्य आहे का? पालक म्हणून मला भीती वाटते.
— एक पालक, देवळाली कॅम्प

आपली भीती मी हलकी मानत नाही. मुलांना हे विषय माहीत नसतील तर पुस्तकाने ते का सांगावेत, असे आपल्याला वाटत असावे. वस्तुस्थिती अशी आहे, की मुलांना ते माहीत असतात आणि त्याविषयी बोलायला कोणी नसते. ज्या घरात रोज संध्याकाळी दारू येते त्या घरातल्या मुलीला वाटते, की असे घर जगात आपले एकटीचेच आहे. तिच्या वयाच्या एखाद्या पात्राला तेच सोसताना आणि त्यातून कोणाशी तरी बोलताना तिने पाहिले, तर तिचा एकटेपणा कमी होतो. असे एखादे पुस्तक तिच्या हाती पडावे, यासाठीच मी लिहिते.

पण येथे लेखकावर जबाबदारी मोठी आहे, आणि स्वतंत्र लेखकावर तर अधिकच, कारण त्याला अडवणारे कोणी नसते. आत्महत्येचा विषय असेल तर मार्गाचे वर्णन कधीही करू नये, मृत्यूला सुटका किंवा सूड म्हणून रंगवू नये, एकाच कारणाकडे बोट दाखवू नये आणि पात्राला मदत मागताना व ती मिळताना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसारमाध्यमांसाठी दिलेल्या सूचनाही याच स्वरूपाच्या आहेत. कुमार कादंबरीकाराने त्या स्वतःसाठी बंधनकारक मानाव्यात. पुस्तकाच्या शेवटी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ आणि बालकांसाठीचा १०९८ हे मदत क्रमांक छापावेत. असा मजकूर शाळेतील समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय छापायला देऊ नये. प्रेमाविषयी इतकेच म्हणेन, की त्या वयातील ओढ, संकोच आणि नकार पचवणे हे सगळे सन्मानाने लिहिता येते. शारीरिक वर्णनाची त्याला गरज नसते आणि अल्पवयीन पात्रांच्या बाबतीत ते करूही नये.

पालक म्हणून आपण पुस्तक आधी स्वतः वाचावे, आणि मग ते हातून काढून घेण्याऐवजी त्यावर मुलाशी बोलावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : टोपणनावाने लिहिले तर हक्कांना बाधा येते का?
— एक वाचक, नाशिकरोड

येत नाही. कुसुमाग्रजांच्या गावात हा संकोच नसावा. फक्त लेखकाची खरी ओळख कधीच उघड झाली नाही, तर हक्काची ६० वर्षे मृत्यूऐवजी प्रकाशनापासून मोजली जातात. त्यामुळे आयएसबीएनच्या अर्जात आणि करारात खरे नाव द्यावे.

प्रश्न : आमच्या गावी पुस्तकांचे दुकान नाही. आपल्यासारख्यांची पुस्तके येथील मुलांपर्यंत पोहोचावीत कशी? शाळा खरेदी करतात का?
— ग्रंथालय सेवक, कळवण तालुका

आपणच त्या साखळीतील सर्वांत मोलाचे माणूस आहात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. लहान वर्गातील ग्रंथालयाची खरेदी थोडी असली तरी तेथे एक प्रत अनेक हातांतून जाते. स्वतंत्र लेखकाने अशा ग्रंथालयांना वितरकाच्या यादीची वाट न पाहता थेट पत्र लिहावे, पत्रासोबत पहिले प्रकरण पाठवावे आणि जी सवलत वितरकाला दिली असती ती ग्रंथालयाला द्यावी. आपल्या शहरातील १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या मोठ्या संस्थेतही पुस्तक असावे, पण सुरगाण्याच्या किंवा पेठच्या एखाद्या वाचनालयात ते असणे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये नाशिकहून सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पंचवीस पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि आपसांत बदलल्या जातात. त्याच धर्तीवर दोन-तीन शाळांनी मिळून कुमारांच्या पुस्तकांची एक फिरती पेटी ठेवली तर प्रत्येक शाळेला सर्व पुस्तके घ्यावी लागणार नाहीत.

शाळेत जाण्याविषयी माझा एक नियम आहे. मुख्याध्यापकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत घ्यायला लावावी, अशी व्यवस्था मी स्वीकारत नाही, कारण सक्तीने हाती आलेले पुस्तक मुलाच्या दृष्टीने आणखी एक पाठ्यपुस्तक होते. मी एक प्रकरण वाचून दाखवते, नेमक्या प्रसंगावर थांबते आणि दोन प्रती शाळेच्या ग्रंथालयात ठेवून येते. मुलांमध्ये त्या प्रतींसाठी क्रम लागला तर शाळा आणखी मागवते.

ई-पुस्तकाचा मार्ग आहे. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या सेवेवर मराठी पुस्तक स्वतः प्रकाशित करता येते आणि मानधन ३५ किंवा ७० टक्के असते. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-आवृत्ती ९० दिवसांच्या टप्प्यांनी फक्त तेथेच ठेवण्याचे बंधन येते, छापील आवृत्तीवर मात्र ते नसते. तथापि आपल्या तालुक्यातील तेरा वर्षांच्या मुलाकडे स्वतःचे वाचनयंत्रही नसते आणि खरेदीचे कार्डही नसते, त्यामुळे माझा भर कागदावरच आहे.

कागदी पुस्तक पाठवण्यासाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. तिचे सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे होते, कर वेगळा. दहा फर्म्यांचे, ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावरील डेमी पुस्तक वेष्टनासह सहसा या पहिल्या टप्प्यात बसते, म्हणून कागद निवडतानाच मुद्रकाकडून कोऱ्या पानांची नमुना प्रत बांधून घेऊन तिचे वजन करावे. हे टपाल रस्त्याने किंवा रेल्वेने जाते, वेळ लागतो; पाकिटावर गावाबरोबर टपाल कार्यालयाचे नाव, तालुका आणि पिनकोड लिहावा, आणि आपल्या ग्रंथालयाच्या नावाने मागणी करताना शक्यतो तीन-चार लेखकांची पुस्तके एकत्र मागवावीत, म्हणजे पाच किलोच्या एका गठ्ठ्यात वीसएक पुस्तके शंभराच्या आसपास टपालखर्चात कळवणला पोहोचतील.